दिवसापुरतं लोणचं

लासूर स्टेशनहून काही निरोप असला की तो गुलमंडीवर यायचा. कापड घ्यायला आलेलं कुणी ना कुणी पुंजारामच्या दुकानात टेकायचं, चहा प्यायचं आणि "तुमच्या द्वारकेच्या सासूनं सांगितलंय" म्हणून दोन वाक्यं टाकून जायचं. जेवणाच्या वेळी ती घरी पोचायची. या वेळी निरोप घेऊन जावई स्वतःच औरंगपुऱ्यातल्या घराच्या दारात उभा राहिला, तेव्हा हा निरोप साधा नाही हे पुंजारामच्या बायकोनं, भागूबाईनं ओळखलं.

तिनं चहा टाकला, आतल्या खोलीत पडलेल्या नणंदेला, द्वारकेला हाक मारली. पण कडूबा बायकोशी चार शब्द बोलला न बोलला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. डोक्यावरची टोपी काढून तो तिच्या काठावरून बोटं फिरवत राहिला.

"वैनी, आई शुक्रवारच्या गाडीनं येऊ ऱ्हायली. डोहाळजेवनाला. संगं वच्छलामावशी अन् आजून दोघीजनी."

"येऊ द्या की. आमी वाटच पाहू ऱ्हायलो."

"व्हय, पन..." त्यानं आत पाहिलं. चुलीपाशी दगडाबाई काकड्या घेऊन बसली होती. त्यानं आवाज खाली आणला. "आईचं म्हननं, त्या दिवशी आत्यांनी सयपाकाला हात लावू नये. द्वारकेच्या समोरबी येऊ नये. एका दिवसाचा सवाल हाये. दोन्ही बारीला काय झालं ते तुमाला म्हाईत हाये. आईनं लई धसका घेतलाय, वैनी. पोटात तिसरं हाये म्हनल्यावर ती रातरात झोपत नाय."

भागूबाईनं चुलीकडे पाहिलं. "आत्याबाईंला मी कसं सांगू?"

"मी सांगू का?" असं कडूबानं विचारलं खरं, पण विचारतानाच त्याचे कान लाल झाले.

"नको. तुमी चहा घ्या."

दगडाबाईचे कान तिखट होते. तिला ऐकू गेलं नसेल असं म्हणायला जागा नव्हती. तिनं काकडीचं टोक कापलं आणि तेच टोक कापलेल्या जागी गोल गोल चोळू लागली. असं चोळलं की पांढरा फेस येतो आणि काकडीचा कडवटपणा निघून जातो. तिचा हात कुठे थांबला नाही, की तिनं मान वर करून पाहिलं नाही.

दगडाबाई म्हणजे पुंजारामची आणि द्वारकेची सख्खी आत्या. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला आणि ती भावाच्या, सांडूच्या घरी परत आली, तेव्हा तिला धड लुगडंही नेसता येत नव्हतं. पुढे सांडूची बायको द्वारकेच्या बाळंतपणात गेली. तासाभराची द्वारका दगडाबाईच्या मांडीवर आली ती तिथंच वाढली. शेळीच्या दुधाचा बोळा, गोवराचा ताप, पहिली पाटी, लग्नातली रडारड, सगळं दगडाबाईच्या हातून झालं. फक्त लग्नाच्या दिवशी ती मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. तेव्हा तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली आपणच जाऊन बसली होती.

सासरी द्वारकेला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. आता सातवा लागला होता. पण पोरीच्या अंगावर मांस दिसेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पायांवरची सूज पाहून बरणीतलं लोणचं बंद केलं. खार नको, तेल नको. आणि द्वारकेला तर आंबटाशिवाय घास उतरत नव्हता. भाकरीचा वास आला तरी ती तोंडाला पदर लावायची.

त्यावर दगडाबाईनंच तोड काढली. गोदावरीच्या वाळूतल्या काकड्या त्या दिवसांत कायगावकडून मंडईत येत. कोवळ्या काकडीच्या बारीक फोडी, मीठ नावाला, लिंबू भरपूर, हिरव्या मिरचीचे दोन तुकडे आणि पाट्यावर पाण्याचा शिपका देत देत फेसलेली मोहरी. मोहरी अशी फेसायची की नाकातून थेट टाळूला झिणझिणी गेली पाहिजे. वरून हिंग-हळदीची चमचाभर फोडणी. घटकाभर मुरलं की ताटात. सकाळी केलेलं संध्याकाळी संपवायचं, दुसऱ्या दिवशी त्यात राम उरायचा नाही. त्याच्यासोबत द्वारका पहिल्यांदा अख्खी भाकरी जेवली, तेव्हा भागूबाईनं न बोलता दुसरी भाकरी तव्यावर टाकली होती.

कडूबा लासूरला परतला. पुंजाराम दुकानातून आल्यावर भागूबाईनं सगळं सांगितलं. त्यानं हातपाय धुतले, पंच्यानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पंचा तोंडावरच ठेवला.

"मुलीकडचे आपन," तो शेवटी म्हणाला. "त्यांचं ऐकावं लागतं. उद्या काय कमीजास्त झालं, तर त्या म्हनतील, आमी सांगून धाडलं व्हतं अन् तुमी ऐकलं नाय. जल्मभर द्वारकेच्या डोक्यावर ते बसंल."

"मंग तुमी सांगा आत्याबाईंला. आत्या तुमची हाये."

"मी? मला न्हाई व्हनार ते. तू बाईमानूस, तू बरोबर सांगशील."

भागूबाई त्याच्याकडे पाहत राहिली. गिऱ्हाइकाशी भांडून, शपथा घेऊन लुगडं विकणारा हा माणूस, पण आत्यासमोर त्याची जीभ उचलत नव्हती. ती चिडली. पण मनातल्या मनात ती स्वतःलाही ओळखून होती. द्वारकेच्या सासूचं, लक्ष्मीबाईंचं ऐकावं, दिवस शांततेत निभावावा, असंच तिलाही वाटत होतं.

सांगायची वेळ दगडाबाईनं आणलीच नाही. वाढून झाल्यावर ती हात पुसत बाहेर आली आणि सहज बोलल्यासारखं बोलली. "पुंजा, मी शुक्रवारी खुलताबादला जाऊन येते. साळूबाईचं लई दिवसाचं बोलावनं हाये."

पुंजारामनं मान डोलावली. "जाऊन या. मोटारीत बसवून देतो." त्याच्या आवाजातली सुटका इतकी उघड होती की भागूबाईनं मान फिरवली.

पण आतून द्वारका आली. भिंतीला धरून, पोट सावरत. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कोन चाललं खुलताबादला?"

"मीच गं, एका दिवसासाठी."

"ह्यांनी येऊन काय सांगितलं ते मला कळत नाय व्हय? वैनी, तुमी त्या निरोपाला 'व्हय' म्हनल्या?"

"मी व्हय नाय म्हनले अन् नायबी नाय म्हनले," भागूबाई म्हणाली. "तुझ्या सासूला मी काय सांगनार, द्वारके? तुला त्या घरात नांदायचं हाये."

"मंग मीबी पाटावर बसत नाय. ओटी त्यांनी एकमेकींची भरून घ्यावी."

"द्वारके!" दगडाबाईचा आवाज चढला. तसा तो क्वचितच चढायचा. "पोटुशी बाईनं असं बोलू नाय. इकडं ये, बैस." तिनं द्वारकेला जवळ बसवलं, तिच्या सुजलेल्या पावलांवरून हात फिरवला. "माझं काय झिजतं? भावानं मला ठेवून घेतलं. या घरानं मला एक दिवस उपाशी ठेवलं नाय, की कुनी वाकडा शबुद बोललं नाय. कितीक बाया पाहिल्या मी, सासरीबी नाय अन् माहेरीबी नाय. अन् मी एक दिवस बाजूला बसले तर मला जड जाईल?"

"तुमाला नाय जात, मला जातं," द्वारका म्हणाली आणि रडायला लागली.

शेवटी मधलं काहीतरी ठरलं. खुलताबाद रद्द. शेजारी अंबिकाकाकू राहत, नवरा कचेरीत कारकून. त्यांच्या ओसरीवर दगडाबाईनं दिवसभर बसायचं. राहता राहिलं लोणचं. भागूबाई म्हणाली, त्यात काय, मी करते. आणि गुरुवारी तिनं करूनही पाहिलं. मोहरी फेसताना ती घाईत होती, आणि फोडणी गार व्हायच्या आत तिनं ती काकडीवर ओतली. फोडी उकडल्यासारख्या मऊ पडल्या, वाटीत पाणीच पाणी झालं. द्वारकेनं वहिनीचं मन राखायला दोन घास खाल्ले आणि मोरीकडे धावली.

"ऱ्हाऊ दे," दगडाबाई भागूबाईला म्हणाली. "मी सकाळी गाडी यायच्या आधी करून ठेवते अन् जाते. कुनी पुसलं तर तू केलंस म्हन."

"खोटं बोलू?"

"खोटं कुटं? काकड्या तूच आनल्यास ना?"

दोघी हसल्या.

शुक्रवारी सकाळी दगडाबाई सगळ्यांच्या आधी उठली. तिनं पाटा दोनदा धुतला. मोहरीचा झणका घरभर पसरला आणि झोपलेल्या पोरांना शिंका आल्या. फोडणी एका पळीत बाजूला गार करत ठेवून तिनं काकडीच्या फोडी केल्या. भागूबाई पुरणाची डाळ शिजत घालत होती. तिला वाटलं, आता काहीतरी बोलावं. पण काय बोलावं? या घरात कुणी कुणाचे आभार मानत नसत. मानायला शब्दच नव्हता. दगडाबाईनं फोडणी घातली, हलक्या हातानं कालवलं, वाटीवर झाकण ठेवलं आणि पदर डोक्यावरून घेऊन मागच्या दारानं निघून गेली. जाताना तिनं द्वारकेच्या खोलीकडे पाहिलंही नाही.

लक्ष्मीबाई टांग्यातून उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. उंच, हडकुळ्या, कपाळावर आडवं कुंकू. त्यांच्या मागे हसऱ्या चेहऱ्याची वच्छलाबाई, आणखी दोघी आणि सामान घेऊन कडूबा. हिरवं लुगडं, नारळ, घरच्या शेवया, करंज्यांचा डबा असं सगळं त्यांनी आणलं होतं. पायावर पाणी घेऊन झाल्यावर त्यांची नजर आधी स्वयंपाकघरात गेली, मग मागच्या दाराकडे गेली. दगडाबाई नाही हे पाहून त्यांनी मान डोलावली आणि मगच सुनेजवळ गेल्या. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं.

"जरा भरल्यासारखी वाटती," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विश्वास बसत नसल्यासारखं काही होतं.

रांगोळी निघाली होती, पाट मांडला होता, मोगऱ्याचे गजरे आले होते. लक्ष्मीबाईंचा आग्रह पडला की ओटी जेवणानंतर भरू, पोरीला आधी पोटात काही घालू दे. म्हणून बायकांची पंगत आधी बसली. पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, भजी, मसालेभात, करंज्या. द्वारकेनं पोळीचा तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. वच्छलाबाई म्हणाली, "अगं, एक तरी घास घे, डोहाळ्याचा हाये." द्वारकेच्या कपाळावर घाम आला. लक्ष्मीबाईंचा हात ताटातच थांबला. गेल्या दोन वेळचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

भागूबाईनं झाकण काढलं आणि काकडीचं लोणचं द्वारकेच्या पानात वाढलं. शेजारी अर्धी ज्वारीची भाकरी ठेवली. द्वारका त्या वाटीकडे पाहत राहिली, आणि मग खायला लागली. मुकाट्यानं, मान खाली घालून, पोटभर. भाकरी संपली. तिनं हात पुढे केला, भागूबाईनं आणखी अर्धी दिली. तीही संपली.

"मला वाढा जरा," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

त्यांनी फोड तोंडात टाकली. मोहरी नाकात गेली असणार, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आणखी घेतलं. वच्छलाबाईनंही हात पुढे केला.

"काय चव हाये गं बया! कुनी केलं?" वच्छलाबाईनं विचारलं.

"मी" म्हणायचं होतं. एक अक्षर. भागूबाईनं ते जिभेवर आणलंही. समोर द्वारका पानाकडे पाहत होती, तिचे कान मात्र इकडे होते. बाहेरच्या खोलीत पुंजाराम आणि कडूबा बोलत होते, तेही थांबले.

आणि भागूबाईला एकदम येवला आठवलं. रझाकारांच्या धामधुमीत वैजापूरकडचं गाव सोडून सगळे संस्थानाची हद्द ओलांडून गेले होते, तेव्हाचा तो गोठा.

"आत्याबाईंनी केलं," ती म्हणाली. "आज सकाळी, ह्याच घरात, ह्याच पाट्यावर."

वच्छलाबाईच्या हातातला घास खाली आला. "अगं माय! अन् तुमाला सांगून धाडलं व्हतं ना?"

लक्ष्मीबाईंनी वाटी बाजूला सरकवली. त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या. भागूबाईला ते स्पष्ट दिसलं, आणि म्हणूनच पुढचं बोलणं तिला सोपं गेलं.

"सांगून धाडलं व्हतं, इहीनबाई. मी व्हयच धरलं व्हतं. त्या शेजारच्या ओसरीवर जाऊन बसल्या हायेत, कुनी न सांगता. मला म्हनल्या, तू केलंस म्हन. अन् मी तसंच म्हननार व्हते. पन मला नाय म्हनवत." तिनं हातातलं झाकण खाली ठेवलं. "मी लगीन होऊन आले तवा कवळी पोर व्हते. येवल्याला आमी पळून गेलो, तिथं एका गोठ्यात माझं पोट दुखाया लागलं. सुईन नाय, गरम पानी नाय, वर छपराला भोकं. हे दोघं बापलेक चारा-पानी हुडकत गावात फिरत व्हते. आत्याबाईंनी कंबर कसली. माझा फकिरा भुईवर पडला तो त्यांच्याच हातात. पहिला हात त्याला इधवेचा लागला, इहीनबाई. त्या दिशी हात कुनाचा हाये हे पुसायला कुनाला सवड नव्हती. तो फकिरा आता बापाच्या खांद्याला लागलाय."

बाहेरून पुंजाराम उठून दारात आला. भागूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो 'गप बस' म्हणणार, असं तिला वाटलं. तो म्हणाला, "खरं हाये. अन् चूक माझी हाये. मी तवाच 'नाय' म्हनायला पायजे व्हतं." त्याच्यामागे कडूबा उभा होता, तो आईकडे पाहत होता.

मग लक्ष्मीबाई सावकाश बोलायला लागल्या. त्या कुणाशी बोलत होत्या हे कळत नव्हतं.

"ह्या कडूबाच्या आधी माझी लेकरं गेली. एक अंगनात खेळता खेळता तापलं अन् दिवस मावळायच्या आत गेलं. मंग हा झाला, तवा सासूनं म्हनलं, नाव कडू ठेव, म्हंजी कुनी नेनार नाय. ठेवलं. सासूनं जे जे सांगितलं ते मी पाळलं. अमुक खाऊ नको, तमुक पाहू नको, ह्या बाईची सावली नको. सगळं केलं. हा वाचला. कशानं वाचला, ते मला आजपोतर कळलं नाय. म्हनून मी कायबी सोडत नाय. एखादं सोडायचं, अन् तेच नेमकं..."

भागूबाईचा राग जिथल्या तिथं विरून गेला. ही बाई कठोर आहे असं ती आजवर समजत होती.

लक्ष्मीबाईंनी डोळे पुसले. त्यांची नजर द्वारकेवर गेली. ती पानावर हात ठेवून बसली होती.

"तू कामून थांबलीस?" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

द्वारकेनं वर पाहिलं.

"जेव, माय. जेव पोटभर." आणि त्यांनी स्वतः वाटी ओढून सुनेच्या पानात लोणचं वाढलं. मग दाराकडे पाहून म्हणाल्या, "कडू, जा. आत्यांना बोलावून आन."

दगडाबाई आली ती मागच्या दारानंच. काहीतरी बिनसलं, आता आपल्यावर येणार, हे गृहीत धरून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"चुकलं असंल तर माझं, पोरीचं काय नाय," ती आल्या आल्या म्हणाली.

"आत या, इहीनबाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "हिनं आमच्याकडं चार म्हैन्यांत खाल्लं नाय तेवढं आज खाल्लं. काय घालता ह्याच्यात?"

दगडाबाई गोंधळली. तिनं एकदा भागूबाईकडे पाहिलं, एकदा पुंजारामकडे. "काय नाय, आपलं साधंच. काकडी, लिंबू, मोहरी."

"मोहरी आमीबी घालतो. असा झणका येत नाय."

"पानी एकदम घातलं असंल. शिपका मारायचा. अन् फोडनी गार झाल्याबिगर घालायची नाय, नायतर फोड मरते." मग तिला भागूबाईची गुरुवारची वाटी आठवली आणि ती घाईघाईनं म्हणाली, "तशी आमच्या भागूलाबी येते."

"नाय येत," भागूबाई म्हणाली, आणि कोपऱ्यात बसलेली वच्छलाबाई आधी फिसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. दगडाबाई सुद्धा, तोंडावर पदर घेऊन.

ओटी सवाष्णींनीच भरली. लक्ष्मीबाईंनी तसं स्पष्टच सांगितलं. "माझं मन एका दिवसात बदलंल असं नाय, इहीनबाई. खोटं कशाला बोलू?" दगडाबाई म्हणाली, "बरोबर हाये. रीत ती रीत." पण ती आतल्या खोलीत गेली नाही. चौकटीला टेकून ती उभी राहिली, आणि हिरव्या लुगड्यात, मोगऱ्याच्या गजऱ्यांत बसलेल्या द्वारकेला तिनं समोरून, डोळे भरून पाहिलं. द्वारकेच्या लग्नात तिला हे पाहायला मिळालं नव्हतं.

निघताना लक्ष्मीबाई टांग्यापाशी थांबल्या. त्यांनी दगडाबाईचा हात धरला.

"एक मागनं हाये. बाळंतपनाला हिच्या उशाशी तुमीच ऱ्हावा. डॉक्टरीन असू द्या, नर्स असू द्या, पन तुमी हालू नका. हा जिम्मा तुमचा. दुसऱ्या कुनावर माझा भरवसा नाय."

"मी?" दगडाबाई म्हणाली. टांगा कोपऱ्यावर वळून गेला, तरी ती हात तसाच पुढे धरून उभी होती.

घरात शांत झालं. पोरं उरल्यासुरल्या करंज्या घेऊन पसार झाली. भागूबाई आणि दगडाबाई स्वयंपाकघरात समोरासमोर जेवायला बसल्या. लोणच्याच्या वाटीत तळाशी दोन-चार फोडी आणि रस उरला होता. दगडाबाईनं वाटी भागूबाईकडे सरकवली. भागूबाईनं ती परत तिच्याकडे सरकवली.

"आत्याबाई, तुमी परवा म्हनल्या, भावानं ठेवून घेतलं," भागूबाई म्हणाली. "कुनी कुनाला ठेवून घेतलं? सासूबाई नव्हत्या, मामंजी गेले. दुकान नव्हतं, घर नव्हतं. तुमी होत्या म्हनून आमी चौघं एका ताटात जेवलो. मला हे कवाच बोलायचं व्हतं. पन बोलता येत नाय."

दगडाबाईनं भाकरी मोडली.

"आता बोललीस ना," ती म्हणाली. "जेव."

पण तिच्या डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. भागूबाईनं रस तिच्या भाकरीवर ओतला आणि फोडी आपण घेतल्या.

त्या दिवसापासून द्वारका जेवत राहिली. काकड्यांचा हंगाम होता तोवर दगडाबाईचा पाटा रोज सकाळी मोहरीनं पिवळा व्हायचा. कडूबा दर आठवड्याला यायचा आणि डबा भरून लासूरला न्यायचा. आई मागते, असं सांगायचा.

ज्येष्ठ सरता सरता, भर दुपारी, द्वारका बाळंत झाली. मुलगी झाली. रडायला तिनं थोडा वेळ लावला आणि त्या थोड्या वेळात दगडाबाईनं देवाला काय काय देऊ केलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मग पोरगी रडली, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या पुंजारामनं पागोटं काढून भिंतीला डोकं टेकलं.

लक्ष्मीबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आल्या. मुलगी झाली म्हणून त्यांचं तोंड उतरेल, असं भागूबाईला वाटत होतं. त्या आल्या, खाटेवरच्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या कपाळाचा मुका घेतला. खोलीत वच्छलाबाई होती, कडूबा होता, शेजारच्या खाटांवरच्या बायका होत्या. दगडाबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून खिडकीपाशी उभी होती. आजीला नात द्यावी म्हणून ती पुढे आली आणि तिनं हात पुढे केले.

लक्ष्मीबाईंनी बाळाला घेतलं नाही. त्यांनी पदर सावरला, आणि सगळ्यांच्या देखत, मुलाकडची मानाची बाई, त्या खाली वाकल्या आणि दगडाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आवो इहीनबाई, हे काय, उठा!" दगडाबाई ओरडली. पण हातात लेकरू होतं. तिला त्यांना अडवता येईना.